काजळाची दाढी

शाळेच्या ग्यादरिंगला अफझलखानाच्या वधाचा प्रवेश बसवला होता. मी सातवीत. खानाच्या बाजूला उभं राहायला गावातलं एकही पोरगं तयार होईना. शेवटी बौद्धवाड्यातला मी आणि तांबोळ्याचा एक पोरगा, दोघांना काजळाच्या दाढ्या काढून तिकडं उभं केलं. काम एवढंच, ओरडायचं आणि मरायचं. टाळ्या पडल्या. १६५९ साली प्रतापगडाखाली खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी हजर होता. आमच्या स्टेजवर तो नव्हता. त्याला दाढी कुठून काढणार?

हे आठवलं इंग्रजांची जुनी नाटकं वाचताना. रात्रपाळी सुटल्यावर डिक्शनरी मांडीवर घेऊन मी मार्लो वाचला. हा जोडे शिवणाऱ्याचा पोरगा. तिकडं त्या धंद्याला विटाळ नव्हता म्हणून स्कॉलरशिपवर केंब्रिजला गेला. इकडं असता तर वर्गाच्या बाहेर बसला असता.

त्याचं 'टॅम्बरलेन' १५८७ च्या सुमाराचं. एक मेंढपाळ उठतो आणि इराणचं तख्त घेतो. पहिल्याच प्रवेशात इराणचा राजा इतका बावळट, की मनातलं नीट बोलताही येत नाही, भावाला म्हणतो तूच बोल. खोटं कशाला सांगू, मी खूश झालो. मेंढपाळानं तख्त पालथं घातलं! पण पुढं वाचत गेलो तसा तोंडाची चव गेली. हा मेंढपाळ तुर्कांच्या सुलतानाला पिंजऱ्यात कोंडतो, त्याच्या पाठीवर पाय देऊन सिंहासनावर चढतो. दुसऱ्या भागात हरलेल्या राजांच्या तोंडात लगाम घालून त्यांना रथाला जुंपतो. मग कुराण जाळतो. त्यानंतर थोड्याच वेळात आजारी पडून मरतो. ही शिक्षा का योगायोग, मार्लो सांगत नाही, तेवढा तो बेरकी आहे. पण जू मोडलं नाही, या मानेवरून त्या मानेवर गेलं. मी याला विद्रोह म्हणणार नाही.

आता १६०७ चं दुसरं नाटक बघा, तीन इंग्रज भावांच्या प्रवासाचं. डे, रोली आणि विल्किन्स या तिघांनी मिळून लिहिलेलं. शर्ली भाऊ खरे होते. त्यातले अँथनी आणि रॉबर्ट शाह अब्बासच्या दरबारात जाऊन आले. नाटकातला शाह इंग्रजांच्या तोफेनं दिपून जातो आणि शेवटी इंग्रजाच्या पोराच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहतो. वीस वर्षांत बावळट इराणी एवढा चांगला कसा झाला? धर्म तर तोच. भानगड अशी, की तुर्क सुन्नी, इराणी शिया, दोघांचं वैर. शत्रूचा शत्रू, म्हणून आपला. आणि मधे रेशीम. शाहला ते तुर्काचा मुलूख टाळून युरोपात विकायचं होतं. सुतावर काम करणाऱ्याला हे लगेच कळतं. १६२२ ला इंग्रज कंपनीच्या जहाजांनी शाहच्या फौजेला साथ देऊन पोर्तुगिजांकडून होर्मुझ घेतलं. ख्रिश्चनानं मुसलमानाच्या बाजूनं ख्रिश्चनाला हाणलं. इकडं थिएटरात तुर्काला शिव्या चालू, आणि त्याच तुर्काशी व्यापार करणाऱ्या कंपनीला लंडनात १५८१ लाच सनद मिळालेली. म्हणजे स्टेजवरचा इराणी इराणचा नव्हताच. तो लंडनच्या गरजेप्रमाणं कापलेला अंगरखा.

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ ला मराठीत आणलं, १८९० ला देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला. नाव बदललं आणि मूर गेला. मला विचाराल तर नाटकाचा कणाच गेला. ऑथेल्लो हा घरात घेतलेला बाहेरचा माणूस. तुर्काशी लढायला व्हेनिसला तो पाहिजे. त्यांच्या पोरीशी लग्न केलं की तोच काळा जादूटोणेवाला. मरताना तो सांगतो, अलेप्पोत मी एका तुर्काला कसं भोसकलं होतं. आणि सांगता सांगता तसाच सुरा स्वतःत खुपसतो. जन्मभर ज्यांच्यासाठी तुर्क मारले, त्यांच्यात राहून शेवटी स्वतःच तुर्क ठरला.

दोस्तहो, इथं जरा थांबा. दंगलीच्या आदल्या रात्री वस्तीत येऊन आपल्या पोरांच्या हातात काठ्या कोण देतं? आणि पोरगं आत गेल्यावर जामिनाला कोण येतं?

१९२७ ला महाडचं चवदार तळं. त्याच साली सावरकरांचं 'संगीत उःशाप'. नाटक अस्पृश्यतेच्या विरोधात आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण मुसलमान खलपात्राशिवाय त्याचं पान हलत नाही. अस्पृश्य जवळ घ्यायचा तो माणूस म्हणून कमी, तिकडं जाईल या भीतीनं जास्त. आपण पाणी प्यायला गेलो होतो, त्यांनी आपली शिरगणती केली.

आणि बाबासाहेब? शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. एक दार लावलं गेलं तेव्हा जे उघडं होतं ते फारसीचं. संस्कृतची ओढ त्यांनी सोडली नाही, हेही खरं. पुढं पाकिस्तानवरच्या पुस्तकात मुसलमान समाजातल्या दोषांवर त्यांनी परखड लिहिलं, कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. पण ती टीका होती, समोरच्याला हाडामांसाचा समाज समजून केलेली. काजळाची दाढी वेगळी.

आता आपल्या घरचं. गेल्या १४ एप्रिलला टेंभुर्णीत आम्ही जलसा केला. त्यात एक उधारीवाला चाचा होता. मोडकं हिंदी बोलायचा, दाढी खाजवायचा. लोक पोट धरून हसले. ते काम मी लिहिलं होतं आणि मीच केलं. समोर तांबोळ्याचा तो जुना दोस्त बसला होता. तोही हसला, बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा.

यंदाच्या जलशातून चाचा काढलाय. उधारीवाला ठेवलाय. त्यानं कोणत्या भाषेत बोलायचं, ते अजून लिहून व्हायचंय.