गाण्यातली मुलगी कुठे गेली?

जुन्या लोकगीताला नवे रूप देताना मूळ गाण्याशी इमान राखावे किंवा नाही, हा वाद नवा नाही. आपल्याकडे रिमिक्सच्या निमित्ताने तो पुष्कळ रंगला. परंतु या वादात बहुधा चाल आणि वाद्ये यांचीच चर्चा होते. गाण्यात बोलणारे माणूस कोण, हा प्रश्न मागे राहतो. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ या गाण्याचा प्रवास पाहिला की तो ठळकपणे पुढे येतो.

इंग्लंडमधील न्यूकॅसल या कोळशाच्या गावातल्या ‘द ॲनिमल्स’ या बँडने १८ मे १९६४ रोजी लंडनमध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षी ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. न्यू ऑर्लिन्स शहरात ‘उगवता सूर्य’ नावाचे एक घर आहे आणि त्या घराने बोलणाऱ्याच्या आयुष्याची माती केली आहे, एवढीच त्याची कथा. ते घर कुंटणखाना, तुरुंग की जुगाराचा अड्डा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

परंतु हे गाणे त्या बँडचे नव्हे. १९३७ साली ॲलन लोमॅक्स हे संग्राहक अमेरिकेतील केंटकी राज्यात लोकगीते ध्वनिमुद्रित करत फिरत होते. मिडल्सबरो या गावी जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्यांना हे गाणे म्हणून दाखवले. ती खाणकामगाराची मुलगी. तिच्या गाण्यात बोलते तीही मुलगीच. आई शिवणकाम करणारी, प्रियकर दारुडा. माझ्यासारखी चूक करू नकोस, असा निरोप ती धाकट्या बहिणीला धाडते आणि पुन्हा त्याच घराकडे निघते. १९६२ साली बॉब डिलनने पहिल्या अल्बममध्ये हे गाणे घेतले तेव्हा पुरुष असूनही त्याने ते मुलीच्याच तोंडी ठेवले.

ॲनिमल्सने संगीतात केलेली कामगिरी मोठी आहे, हे आधी मान्य करू. हिल्टन व्हॅलेंटाइनची गिटार एकेक सूर सुटा करून टाकते. लय सहा मात्रांची, आपल्या दादऱ्याच्या जवळची. ॲलन प्राइसचा ऑर्गन हळूहळू चढत जातो आणि त्यावर एरिक बर्डनचा खरखरीत आवाज फुटतो. तीन मिनिटांच्या तबकड्यांच्या जमान्यात हे गाणे साडेचार मिनिटांचे आहे. पाळण्यासारखी झुलणारी लय आणि वर आक्रोश, हा विरोधच त्याचे बळ आहे.

शब्दांत मात्र तीन बदल आहेत. बोलणारी मुलगी जाऊन मुलगा आला. दारुड्या प्रियकराच्या जागी जुगारी बाप आला. बहिणीचा निरोप जाऊन सगळ्या आयांना सावधगिरीचा इशारा आला. बदल वरवर लहान दिसतात, पण आशय पालटतो. मुलाची अधोगती बापाकडून आलेला वारसा ठरते. तो ती चारचौघांत सांगू शकतो. मुलीला ती सोय नाही. ती फक्त बहिणीच्या कानाशी बोलू शकते. लोकगीतातली ही कुजबुज रॉकमध्ये जाहीर भाषण झाली.

यावर कोणी म्हणेल, मुलाच्या तोंडचे रूपही जुनेच आहे. ते खरे आहे. क्लॅरेन्स ॲश्ली यांच्या १९३३ च्या तबकडीत मुलगाच बोलतो. तेव्हा बँडने मुलीला हुसकावले, असा आरोप करता येणार नाही. लोकपरंपरेत दोघेही शेजारी नांदत होते. १९६४ नंतर मात्र जगाच्या कानात एकच उरला.

उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे अधिक खटकते. अमीर खुसरोंच्या नावे चालत आलेले हिंदवी कलाम विरहिणीच्या तोंडचे आहेत. दाढीवाले कव्वाल शतकानुशतके ते गातात, पण कोणी त्यातली क्रियापदे पुल्लिंगी केली नाहीत. आपल्या मराठी लावणीतही सगनभाऊंसारखे शाहीर स्त्रीच्या तोंडून बोलले. अर्थात स्त्रीचा आवाज घेतला म्हणजे स्त्रीचे दुःख कळले, असे नाही. लखनवी रेख्ती बरीचशी पुरुषांच्या करमणुकीसाठीच होती. म्हणून कसोटी गायकाच्या लिंगाची नाही. बोलणारी बाई गाण्यात माणूस म्हणून उरते का, ही आहे.

नावाची गोष्टही अशीच. तबकडीवर मांडणीचे श्रेय म्हणून एकट्या ॲलन प्राइसचे नाव छापले गेले आणि बँडमधल्या इतरांना ते कायमचे बोचत राहिले. पाचांपैकी चौघांचे नाव नाही याची चर्चा झाली. जॉर्जिया टर्नरचे नाव नाही याची त्या मानाने फारच कमी. लोमॅक्स यांनी १९४१ च्या आपल्या संग्रहात तिचे नाव नोंदवले होते, म्हणून तर आपल्याला ती ठाऊक आहे.

आपल्या घरांत हळदीच्या रात्री ढोलकीवर गाणाऱ्या बायकांची नावे कोण नोंदवतो? उद्या त्यांची एखादी चाल गिटारवर आली, तर ती जरूर ऐकावी, आवडली तर दादही द्यावी. पण ही चाल कुठल्या मोहल्ल्यातली, गाणारी कोण, आणि गाण्यात ती स्वतः अजून बोलते आहे का, हे विचारल्याशिवाय राहू नये.