बालवाडीतले गाणे आणि वस्तीतले मूल

ग. दि. माडगूळकरांचे आगगाडीचे गाणे बालवाड्यांत आजही म्हटले जाते. मुले एकमेकांचे खांदे धरतात, गाडी होते आणि मामाकडे निघते. मामा मात्र श्रीमंत, रेशमी कापड घेऊन देणारा. मामी शिकरण करणारी. हा मामा कोणाचा, हे दलित समीक्षेने विचारलेच पाहिजे. पण म्हणून गाणेच फेकून द्या, हा उतावळेपणा झाला. वस्तीतले मूलही शिट्टी मारीत त्याच गाडीत बसते आणि न चाखलेली शिकरण मनात चाखते. तो आनंद खोटा नव्हे.

अडचण एवढीच, की गाडी एकाच घरापाशी थांबते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंखशिंपले, बिया घेतल्या. फार मोठे काम! परंतु साधने बदलली तशी गाण्यातली घरे बदलली काय? एखाद्याचा मामा बिगारी असेल, एखाद्याचा मास्तर. त्यांच्या गावाचे कडवे मुलांनाच जुळवू द्यावे. खेळात मात्र 'तू झाडूवाला हो' असे बाईंनी वाटून देऊ नये. मूल कलेक्टर होईल, वाघ होईल, नाहीतर नुसते इंजिन.

आणि आपण कार्यकर्ते? १४ एप्रिलला चार वर्षांच्या पोराकडून पाठ केलेले भाषण वदवून घेतो, टाळ्या पिटतो. तेच पोर दुसऱ्या दिवशी लाटण्याचा माइक करून कोंबड्यांपुढे स्वतःचे काहीबाही बोलते, तेव्हा त्याला गप्प बसवतो.