पानकरसाचा न्याय आणि भिरंडाचे सरबत

रसाची चर्चा करणाऱ्या आपल्या प्राचीन पंडितांना स्वयंपाकघराचे वावडे नव्हते, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावताना गूळ, व्यंजने आणि औषधी यांच्या संयोगातून सिद्ध होणाऱ्या चवीचा दाखला घेतला. पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात ‘पानकरसन्याय’ या एका पदात तोच दृष्टांत कायमचा रूढ केला. पानक म्हणजे गोड, आंबट, तिखट व सुगंधी द्रव्ये एकत्र करून केलेले पेय. त्यात साखर असते, मिरी असते, वेलदोडा असतो. परंतु उत्तम पानकाचा घोट घेणारा माणूस ‘ही साखर, ही मिरी’ अशी मोजदाद करीत बसत नाही. त्याच्या जिभेला एकच, कोणत्याही घटकात वेगळी न सापडणारी चव जाणवते. घटक नाहीसे झालेले नसतात; ते एकमेकांत मुरलेले असतात.

काव्याच्या परीक्षेसाठी पेयाचा न्याय लावला गेला. मग पेयाच्या परीक्षेसाठी तो का लावू नये? किंबहुना तो लावण्याची वेळ आली आहे. मोरजाईच्या या गावात, शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते तेथून वर किनाऱ्याकिनाऱ्याने, पर्यटनाच्या हंगामात फळांच्या स्वादाची नाना पेये विकली जातात. त्यांच्या यादीत आता आपले कोकमही आले आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला कोकम प्यावेसे वाटते ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु ज्या घरांत वैशाखात भिरंडे फोडून, साखर भरून, बरण्या उन्हात ठेवण्याची रीत होती, त्या घरांतही बाजारी बाटली येऊ लागली आणि काचेच्या पेल्यातला लाल रंग म्हणजेच भिरंडाची चव, असा समज मुलांचा होऊ लागला, तर रसिकाने बोलले पाहिजे.

प्रथम एक आक्षेप बाजूला सारू. मिश्र पेय म्हणजे भेसळ, म्हणून ते हलके, असे काही सोवळे लोक म्हणतात. हा आक्षेप टिकणारा नाही. आपले पानकच मुळात मिश्रण आहे. रामनवमीला दक्षिणेकडे देवापुढे ठेवतात ते गूळ, सुंठ, मिरी आणि वेलदोड्याचे पानक; महाराष्ट्रात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला देतात ते कैरीचे पन्हे; आणि पानातली आपली सोलकढी: यांतले एकही एकद्रव्यी नाही. दोष मिसळण्यात नाही. न मुरलेले मिसळण्यात आहे. कॉकटेल म्हणून समोर येणाऱ्या बहुतेक पेल्यांवर हाच आरोप ठेवावा लागतो. तळाशी लाल पाक, मध्ये पांढरा बर्फ, वर हिरवे पान, अशी रंगांची उतरंड डोळ्यांना दाखविण्यासाठी रचलेली असते. पहिला घोट नुसत्या पाण्याचा, शेवटचा नुसत्या साखरेचा. ज्या पेयाचे घटक शेवटपर्यंत वेगवेगळे ओळखता येतात, ते पानकरसन्यायाने नापास झाले.

दुसरा दोष बर्फाचा. अतिशय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, हे आता शास्त्रालाही मान्य आहे. म्हणून बर्फ जितका अधिक, साखर तितकी अधिक घालावी लागते. साखर वाढली की आंबटपणा दबतो. आंबटपणा दबला की लिंबू किंवा वाळविलेले आम्ल घालून तो पुन्हा उभा करावा लागतो. एका अतिरेकाने दुसऱ्याला बोलाविण्याचा हा प्रकार नाटकातल्या आरडाओरड्यासारखा आहे. भाव उमटत नाही म्हणून नट आवाज चढवितो आणि आवाज चढला म्हणून भाव अधिकच हरवतो.

तिसरा दोष सर्वांत मोठा. फळाचा स्वभावच न ओळखणे. भिरंड हे काही केवळ आंबट फळ नव्हे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात ‘ब्रिंदांव’ या नावाने याची नोंद केली आहे; रंगासाठी आणि आंबटपणासाठी त्याच्या सालीचा उपयोग होतो, हे त्याला ठाऊक होते. आजचे रसायनशास्त्र त्याच दोन गुणांची फोड करून सांगते. सालीतला लाल रंग हा आम्लात लालच राहणारा व आम्ल गेले की निळसर पडणारा वनस्पतिज रंग आहे. आणि तिची आंबट धार ही चिंचेच्या किंवा लिंबाच्या आम्लाहून निराळ्या आम्लाची आहे. म्हणूनच भिरंडाचा आंबटपणा लिंबासारखा एकदम दात आंबवून जात नाही. तो मागून येतो, जरा तुरट होतो आणि जिभेच्या मागच्या भागावर रेंगाळतो. हे रेंगाळणे हाच या फळाचा स्थायी भाव समजावा. जे पेय त्याला वाव देत नाही, त्यात कोकमाचे नाव आहे, कोकम नाही.

आता प्रमाणाकडे वळू. कारण दोष दाखवून थांबणारी टीका अर्धीच असते. पाककृतींची आपली छापील परंपरा समृद्ध आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये आले आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन नवख्या सुनेचा हात धीट केला, हे तिचे मोठे श्रेय होय. परंतु भिरंडाच्या बाबतीत कोणतेही माप अर्धेच खरे असते, कारण एका झाडाचे फळ दुसऱ्यासारखे आंबट नसते. माप हाताला धरून दारापर्यंत नेते. आत शिरावयाचे ते जिभेने.

चैत्र-वैशाखात पूर्ण पिकलेली, काळसर लाल झालेली भिरंडे घ्यावी. ती धुऊन, पुसून अगदी कोरडी करावी. पाण्याचा एक थेंबही बुरशीला पुरतो. फळाचे दोन भाग करून बिया काढून घ्याव्या. त्या टाकू नयेत, त्यांपासूनच भिरंडेल निघते आणि हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना तेच कामी येते. मोकळ्या झालेल्या वाट्यांत साखर दाबून भरावी व चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत त्या एकावर एक रचाव्या. सालीच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट साखर साधारणपणे लागते. बरणीच्या तोंडाला स्वच्छ पातळ फडके बांधून ती आठवडाभर कडक उन्हात ठेवावी आणि रोज एकदा कोरड्या डावाने हलवावी. तांब्या-पितळेचे कल्हई नसलेले भांडे येथे वर्ज्य. आम्ल धातूला खाते आणि पेय कळकते. साखर पूर्ण विरघळून साली आकसल्या की पाक गाळून घ्यावा व बाटल्यांत भरावा.

या कृतीत चूल कोठेही नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. साखर सालीतला रस ओढून घेते आणि सूर्य ते काम सावकाश पुरे करतो. उकळून केलेला पाक दोन तासांत होतो खरा. पण ताज्या फळाचा वास उकळीबरोबर उडून जातो आणि रंगही तपकिरीकडे झुकतो. सात दिवसांच्या जागी दोन तास बसविले की काय गमवावे लागते, हे दोन्ही पेले शेजारी ठेवून चाखल्यास कोणालाही कळेल.

पिताना एक भाग पाकाला चार ते पाच भाग माठातले पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजून भरडलेले जिरे, एवढेच पुरे. मीठ येथे खारटपणासाठी नाही. ते गोडीला उठाव देते आणि घामाने गेलेले शरीराला परत करते. जिरे आयत्या वेळी भाजावे. नावीन्य हवेच असेल तर पुदिन्याची दोन पाने चुरडून घालावी किंवा आल्याचा रस अर्धा चमचा. मात्र मिसळल्यावर पेय पाव घटका झाकून ठेवावे. पानकरस सिद्ध होतो तो या वेळात. साखर नको असणाऱ्यांनी मिठातले आगळ घेऊन त्यात नारळाचे दूध घालावे. ती आपली सोलकढी, आणि तिला कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

येथे हुर्राकाचा प्रश्न कोणी काढील. गोव्याच्या उन्हाळ्याचे पेय तेच, असे पुष्कळ जण म्हणतात. पेडणे-डिचोलीच्या डोंगरांत काजूच्या बोंडूंचा रस आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुन्हा गाळून फेणी काढणे हा अनेक कुटुंबांचा, त्यांत हिंदू कुटुंबेही आली, हंगामी चरितार्थ आहे. आणि काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्याचे त्याने ठरवावे. रसविचारापुरते एवढेच म्हणावेसे वाटते की हुर्राकात लिंबाचा गोड सोडा ओतून बोंडूचा उग्र गंध झाकणारा मनुष्य तोच दोष करतो, जो भिरंडावर बर्फाचा ढीग रचणारा करतो. जे प्यावयाचे त्याची चव सोसवत नसेल, तर ते पिण्यात कसली रसिकता? उलट, बोंडू चेपल्यावर वजनाखाली सावकाश निथळणारा न आंबविलेला नीरो ज्याने त्याच दिवशी ताजा चाखला असेल, त्याला फळाचा खरा स्वभाव मद्याविनाही कळतो.

शेवटी, या सगळ्यात पणाला काय लागले आहे? एका सरबताची चव एवढेच असते, तर इतका शब्दविस्तार नको होता. भिरंडाच्या झाडांत नर व मादी वेगळी असतात. बियांपासून लावलेली निम्मीअधिक रोपे फळच धरीत नाहीत, आणि जी धरतात त्यांनाही सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते. मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या जमिनीकडे पाहणाऱ्या नजरा बदलल्या आहेत. परसातले भिरंड तोडावयास एक सकाळ पुरते. ते का तोडू नये, याचे उत्तर कायदा देईल तेव्हा देईल. आज ते उत्तर केवळ जीभ देऊ शकते. ज्या घराला बाजारी लाल पाक आणि उन्हात मुरलेला पाक यांतला भेद कळत नाही, त्या घराला झाडाची गरजच उरत नाही. चव गेली की झाड जाते. क्रम असा आहे, उलटा नाही.

देवळातल्या दशावताराचा सूर बिघडला तर गावातले जाणते त्याच रात्री बोलून दाखवितात, आणि म्हणूनच ती कला टिकली. तेवढीच जागरूकता पेल्यातल्या रसाविषयी का असू नये? येत्या वैशाखात ज्यांच्या परसात भिरंड आहे त्यांनी एक बरणी उन्हात ठेवावी, ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजाऱ्याकडून फळे मागून आणावी. आणि घरातल्या मुलांपुढे बाटलीतला व बरणीतला असे दोन पेले ठेवून निवाडा त्यांच्यावर सोडावा. मम्मटाचा न्याय शिकविण्यास याहून सोपी शाळा नाही.