शब्द कुणी फिरवला?

आमच्या सोलापूरच्या वस्तीत वचन मोडणाऱ्याबद्दलची भाषा रोखठोक असते. 'शब्द फिरवला', 'हात वर केले', 'तोंडाला पाने पुसली'. ही सारी क्रियापदे सकर्मक आहेत. ऐकणारा लगेच विचारतो, कुणी?

प्रस्थापितांच्या भाषेला हा प्रश्न नको असतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात सवर्णांनी दलितांची घरे जाळली, पोचिराम कांबळे यांना ठार मारले. या इतिहासाविषयी लिहिताना मात्र 'घरे जळाली', 'अंमलबजावणी लांबणीवर पडली' अशी वाक्ये सर्रास येतात. अंमलबजावणी आपोआप पडत नसते. शासनाने ती लांबणीवर टाकली.

साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव आले. ठराव नामांतराचा होता. पदरात पडला तो नामविस्तार. अर्ध्या पाळलेल्या वचनाला 'विस्तार' म्हणणे ही शब्दांची चलाखी आहे. त्या दिवशी मीही पेढे वाटले, हे कबूल करतो. तो आनंद खोटा नव्हता. पण शब्द तपासायचा राहिला.

दोष आपल्यातही आहे. इथला कामगार 'गिरणी बंद पडली' म्हणतो, 'बंद केली' म्हणत नाही. ज्या वाक्यात कर्ता नाही, त्या वाक्याकडून जबाब कसा मागणार? विद्यार्थ्यांनो, लिहिताना आधी कर्ता लिहा.