सहदेव-भाडळी माळव्यात वाचताना

पावसाचे लोकआडाखे गोळा करणाऱ्या मराठी संग्रहांत एक खोड वारंवार दिसते. वचन छापलं जातं, पण ते कुठलं, हे गळून जातं. इंदूर-देवासच्या मराठी मंडळींना याचा फटका जास्त बसतो, कारण इथे घरात सहदेव-भाडळी आणि बाहेर घाघ-भड्डरी. गुजरातेत हीच भडली. नावं एका गोत्यातली, म्हणून वचनांचीही सरमिसळ होते.

घोळ महिन्यापासूनच सुरू होतो. आपलं पंचांग अमान्त, माळव्याचं पौर्णिमान्त. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच. वद्य पक्षाला मात्र माळव्यात पुढच्या महिन्याचं नाव. जेठ वदी दशमीला शनिवार आला तर पाऊस नाही, असं एक वचन घाघ-भड्डरीच्या नावावर आहे. ही तिथी आपल्याकडे वैशाख वद्य दशमी. संग्राहकानं सरळ 'ज्येष्ठ वद्य दशमी' लिहिलं, की वचन महिनाभर पुढे सरकलं. मग ते खरं की खोटं, यावर वाद घालण्यात काय अर्थ?

दुसरा घोळ जागेचा. मृग लागतो 7-8 जूनला. तेव्हा कोकणात पाऊस दाराशी असतो. इंदूरला तो बहुधा जूनचा मध्य उलटल्यावर येतो. कोकणातलं मृगाचं वचन इथे लावलं तर बिचारा मृग जवळपास दर वर्षी नापास!

तिसरी गोष्ट म्हणजे सगळे आडाखे एकाच पोत्यात भरणं. शनिवारची दशमी हा नुसता तिथी-वाराचा मेळ. त्यात आभाळाकडे कुणी बघितलेलंच नाही. चंद्राचं मोठं खळं ही मात्र डोळ्यांनी बघायची खूण. उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फकणांमुळे ते दिसतं, आणि असे ढग कधी कधी पावसाच्या आधी येतात. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असंही म्हणतात. टिटवी अंडी उघड्या जमिनीवरच घालते, म्हणून जागा नोंदवून हे पडताळता येतं. पण 'टिटवीची अंडी उंच, पाऊस चांगला' एवढ्या एका ओळीत त्यातलं काहीच उरत नाही.

तेव्हा संग्रह करणाऱ्यांनी वचनाशेजारी गाव, महिन्याची पद्धत आणि खूण तासांची की अख्ख्या हंगामाची, एवढं तरी लिहावं. हे सांगू शकणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत. वचनं पुस्तकांत पुष्कळ सापडतील. ती कोणत्या शिवारात म्हटली जात होती, हे मात्र त्यांनाच विचारावं लागेल.