मार्गोचा नाताळ आणि चिमणरावांची फजिती



नाताळ जवळ आला की आपल्या लोणावळ्यात काय होतं, ते तुम्हांला सांगायला नको. रस्त्यावर रांगा लागतात, बंगल्यांची फाटकं उघडतात आणि मुंबई-पुण्याहून आणलेला अख्खा सण गाड्यांच्या डिकीतून उतरतो. आज ज्या विनोदी भागाबद्दल मी बोलणार आहे, त्यातही सण असाच गाडीतून येतो. आणि आल्या पावली परत जातो.

मालिका बीबीसीची, ‘द गुड लाइफ’. तिचा नाताळचा भाग २६ डिसेंबर १९७७ला दाखवला गेला. लंडनच्या सर्बिटन उपनगरातले दोन शेजारी. टॉमने नोकरी सोडलीय. तो आणि बार्बरा परसात भाजी पिकवतात, डुकरं-कोंबड्या पाळतात. शेजारचे जेरी आणि मार्गो सुखवस्तू. मार्गोचा सगळा नाताळ दुकानातून घरपोच येतो. पण झाड सांगितल्यापेक्षा जरा बुटकं निघतं आणि बाई सगळंच सामान परत पाठवतात. ते पुन्हा येतच नाही! मग लोकांना आजारपणाची सबब सांगायची. शेवटी दोघं टॉमच्या घरी जातात. तिथे वर्तमानपत्राच्या टोप्या, घरची वाइन आणि पोरकट खेळ.

पैशापेक्षा माया मोठी, असा सोपा बोध यातून काढता येतो. मला तो पुरत नाही. मार्गोची अडचण पैसा नाही. आपली फजिती कुणाला दिसेल, ही तिची भीती आहे. हॉब्ज म्हणतो, आपण दुसऱ्यापेक्षा वरचढ आहोत हे एकदम जाणवलं की माणूस हसतो. मार्गो घाबरते ती याच हसण्याला. पण कागदी टोपी घालून बसल्यावर वरचढ कोण? कुणीच नाही. तरी हसू येतंच. हॉब्जचं म्हणणं इथे तोकडं पडतं.

आता आपल्याकडे बघू. चिं. वि. जोशी पालीचे विद्वान. त्यांचा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. त्यासाठी त्याला शेजारी लागत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हा माणसं हसली ती आपल्याच घराला. पुढे प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. तिथेही रोजनिशीच, म्हणजे पुन्हा आपलं आपणच सांगणं. मार्गोला जे शेजाऱ्याच्या घरी जाऊन शिकावं लागलं, ते आपल्या विनोदाला घरातच येत होतं.

म्हणून आजच्या रोजच्या मालिकांतला सण मला खटकतो. गणपती असो, मंगळागौर असो, दिवाळी असो. साड्या भरजरी, आरास बिनचूक. कारस्थानं भरपूर, पण उकडताना एक मोदक फुटेल तर शपथ! मार्गोचं सामान परत गेलंच नसतं, तर तिचा नाताळ असाच झाला असता. देखणा, आणि कुणालाही आत न घेणारा.

आपल्याकडे शिमगा होताच की! भल्या माणसालाही त्या दिवशी चारचौघांत वेडं दिसायची मुभा असायची. विनोदी मालिकेने सणाच्या भागात ती मुभा द्यावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. सगळं नीटनेटकं पार पडलेल्या सणाची आठवण आपण किती दिवस सांगतो? आणि फसलेल्या अनारशांची?