भल्या पेशींची गोष्ट

पॉल डी क्रुइफ यांचे 'मायक्रोब हंटर्स' हे पुस्तक १९२६ सालचे. जंतुशास्त्राची गोडी लावणारे म्हणून ते आजही वाचनीय आहे. त्यातले मेचनिकॉफवरील प्रकरण आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. १८८२ साली मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केली होती. हा प्रसंग लेखकाने फार सुंदर रंगवला आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. प्रकरणाच्या शीर्षकातच या भक्षक पेशी 'भल्या' ठरतात. आपणही वर्गात 'पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक' असे सांगून मोकळे होतो. मग उत्तनच्या खडकांवर कालवाच्या शिंपल्याने पाय कापलेल्या मुलाला वाटते, की लाली, सूज, ठणका ही सगळी जंतूंची करणी!

तसे नाही, हे दाखवणारे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. मेचनिकॉफचा ओडेसातील विद्यार्थी हाफकिन १८९६च्या प्लेगात येथे आला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लशीतले जंतू मेलेले होते, तरी त्याला ताप आला आणि टोचलेली जागा दुखू लागली. मेलेले जंतू वाढत नाहीत, हल्ला करत नाहीत. तेव्हा ताप आणि वेदना निर्माण केल्या त्या त्याच्याच शरीराने. डी क्रुइफच्या पुस्तकात हाफकिनवर प्रकरण नाही, याची म्हणूनच चुटपुट लागते.

घडते ते असे. ऊतींतल्या पेशी जंतूंच्या आवरणातले ठरावीक रेणू ओळखतात व रासायनिक संदेश सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली व उष्णता. त्यांतून द्रव पाझरतो, म्हणून सूज. मागोमाग आलेल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रेते. शेवटी महाभक्षक पेशी हा कचरा उचलतात आणि दाह शमतो. रेणू ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी हॉफमन व बॉयटलर यांना २०११चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सैनिकांच्या रूपकात हे 'शमणे' बसत नाही. सैन्य जितके मोठे तितके बरे, असेच त्यातून मनात ठसते. २०२०च्या कोविडमध्ये 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि गोळ्या घरोघरी गेल्या. त्याच वर्षी ब्रिटनमधील चाचणीत दिसले, की प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने घटले. हे औषध दाह वाढवत नाही, दाबते. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही.

पुस्तक मुलांना जरूर द्यावे. काट्याची गोष्ट संपली, की एक प्रश्नही विचारावा: जमलेल्या पेशी थांबल्याच नाहीत, तर काय होईल?